एका प्याल्याची मंडळी

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा तर हे न कळताच गेला. प्रार्थनेतसुद्धा मी आडवळणानंच बोलत आले — जणू देवाला आडवळणं कळतच नाहीत!

आमची मंडळी लहान. पुण्यात मोठमोठी चर्चेस आहेत. आमचं म्हणजे कौलारू छप्पर आणि बाकांच्या दोन रांगा. पण इतिहासातली एक गोष्ट मात्र अभिमानाची. सुरुवातीची माणसं निरनिराळ्या जातींतून आलेली, एकमेकांच्या घरचं पाणीही न पिणारी. पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, त्या सगळ्यांनी एकाच प्याल्याला ओठ लावले. त्यांत माझे आजोबा होते — गावकुसाबाहेरचे. संडे स्कूलच्या मुलांना ही गोष्ट मीच सांगायचे.

आणि तो प्याला बंद केला, तोही मीच.

शांतवनमामा तेव्हा मंडळीत नवे होते. मांजरी गावाहून सायकलवर यायचे, महापालिकेत गटारं साफ करायचे. कानांनी अधू, म्हणून पहिल्या बाकावर बसायचे. प्याला त्यांच्याकडून मागे माझ्याकडे येई. शर्ट अगदी इस्त्रीचा असायचा हो त्यांचा. तरी मला — कसं सांगू? — किळस यायची. मी ओठ टेकवल्याचं नाटक करायचे. मग एकदा मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळासमोर उभी राहिले आणि जंतूंवर बोलले. मी नर्स, माझ्यापुढे कोण बोलणार? थोड्याच दिवसांत प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास आला.

कोरोनानंतर तर माझं कौतुकच सुरू झालं. परवा वर्धापनदिनाला आमच्या तरुण पाळकांनी मला पुढे बोलावलं. "मावशी, तुम्ही काळाच्या पुढे होतात!" टाळ्या पडल्या. मी हसून मान डोलावली. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

पण एवढंच असतं तर कदाचित गप्पच राहिले असते.

उपासनेनंतर ते ग्लास शांतवनमामा धुवायचे. स्वतःहून. "बाई, तुमी बसा, म्या हाय की." मी बसायचे. ते गेले, की तेच ग्लास मी पुन्हा एकदा धुवायचे. आता सांगा, तेही जंतूंसाठीच का?

एका रविवारी मामा विसरलेली छत्री घ्यायला परत आले. नळ चालू, माझ्या हातात ग्लास. त्यांनी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. छत्री उचलली, आमच्या मंडळीच्या रीतीनं "सलाम, बाई," म्हणाले आणि सायकलकडे गेले.

पुढच्या रविवारी ते शेवटच्या बाकावर बसले. ग्लास धुवायला आले नाहीत. तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, तर म्हणाले, तिथं वारा चांगला येतो. मरेपर्यंत ते तिथेच बसले. 'मामा, पुढे या' — एवढंही मी कधी म्हटलं नाही. तिथून त्यांना उपासनेतला एक शब्द ऐकू येत नसे.