पाठीवरचा तळहात

आधी मीच मला शिव्या घालून घेते, म्हणजे तुमचं काम वाचेल. या सदरातले गूढ अनुभव वाचून मी आजवर नुसती हसत आले. शाळेत फिजिक्स शिकवते मी. दारावर लिंबू-मिरची दिसली की ‘सरबत करा त्याचं’ म्हणणारी बाई! ‘आता तू पण?’ म्हणून आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. तरी लिहिते... कारण पोटात ठेवून ठेवून जीव घाबरा होतो.

मोबाइलवर इनकमिंग नुकतं फुकट झालं होतं, त्या सुमाराची गोष्ट. मी बडोद्यात रावपुऱ्यात राहते, माझी थोरली बहीण — ताई — सुभानपुऱ्यात. माझा मुलगा नोकरीला स्वित्झर्लंडमध्ये. त्याने आम्हा दोघी बहिणींसाठी तिथल्या डोंगरातला एक गाइडेड ट्रेक ठरवला. सकाळी एका हटमधून, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या घरातून निघायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी पुढच्या हटमध्ये मुक्काम. खरी डोंगरवेडी ताई. बडोद्याजवळचा पावागड तर ती इतक्यांदा चढलीय की तिथली माकडंही तिला ओळखत असतील. साडी खोचायची, कॅनव्हासचे बूट चढवायचे की सुटली! मी आपली मागे धापा टाकत. मग तीच खाली यायची, माझ्या मागे जायची आणि पाठीला तळहात टेकवून मला ढकलत वर न्यायची. ‘चल म्हशी, चल,’ असं चालू असायचं वर.

ट्रेक तीन आठवड्यांवर आला आणि ताईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणली, पण डोळे उघडेना, हाकेला ओ देईना. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, सांगता येत नाही. मी तिकीट रद्द करायला निघाले तर भावोजीच आडवे आले. ‘तू जा ने,’ म्हणाले. सगळा जन्म बडोद्यात गेलेला, त्यांच्या वाक्यावाक्याला गुजराती ‘ने’ लागतोच. ‘उठल्यावर तिला कळलं तू गेली नाहीस, तर माझी काय धडगत आहे? बघून ये, आणि तिला सांग.’

गेले. विमानात डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

ट्रेकला आम्ही पाच-सहा जण होतो, सगळे परके, आणि मार्टा नावाची गाइड. पहिल्याच दिवशी खडा चढ. गवतात बोटाच्या पेराएवढी फुलं, कुठेतरी खाली गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि ऊन इतकं स्वच्छ की आपण जागे आहोत की झोपेत, कळेना. माझा दम संपला. थांबणार, तेवढ्यात पाठीवर तळहात टेकला. ऊबदार. ओळखीचा. दचकायला हवं होतं ना मी? नाही दचकले. उलट इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी चालायला लागले, आणि मनातल्या मनात बोलायलाही — ताई, तो निळा रंग बघ ग... ताई, हे पाणी किती गार आहे...

तीन दिवस असेच गेले. चढ आला की हात यायचा. एकदा ओढा ओलांडताना मार्टाने मला हात दिला, मी पलीकडे गेले, आणि तिने पुन्हा हात पुढे केला — माझ्यामागच्या मोकळ्या जागेकडे. मग स्वतःच हसली. ‘मला वाटलं अजून कोणी आहे,’ म्हणाली.

त्या संध्याकाळी हटवरून घरी फोन लावला. भावोजी गोंधळलेले. ‘तशीच आहे. ताप-बिप काही नाही. पण नाक आणि गाल लाल झालेत ग तिचे, सालं निघतायत. तीन-तीन आठवडे अंथरुणातून न हललेल्या बाईला ऊन कुठे लागणार? आणि झोपेत हसते.’ मी माझ्या नाकाला हात लावला. त्याचीही सालं निघत होती.

दुसऱ्या दिवशी खिंडीत पोचलो. तिथून खालची वाट पुढच्या हटकडे जात होती, दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले. वर मात्र वाट नव्हती. नुसता बर्फ, आणि त्याला येऊन मिळालेला ढग. बाकीचे उतरायला लागले. मी बुटाची नाडी बांधून उठले आणि पाठ एकदम गार पडली. हात नव्हता.

ताई माझ्या शेजारून पुढे गेली. खोचलेली साडी, कॅनव्हासचे बूट. दोन्ही हात झुलवत, हो, उजवासुद्धा! आणि ती वर निघाली, त्या पांढऱ्याकडे. कसं ते विचारू नका, पण मला स्वच्छ कळलं की ही त्या ढगात गेली की आपली राहणार नाही. ‘ताई, तिकडे नाही! खाली चल!’ मी ओरडले. ती ऐकेना. जन्मभर कुणाचं ऐकलंय? मग तोंडातून निघून गेलं, ‘ताई, माझ्या गळ्याची शपथ आहे तुला! परत फिर!’

आमच्या घरी शपथ म्हणजे शपथ. ज्याने घातली त्यानेच ‘सुटली’ म्हणेपर्यंत मोडायची नाही, अशी लहानपणापासूनची रीत.

ती थांबली. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली... बराच वेळ. मग ढग खाली आला आणि काही दिसेनासं झालं. मार्टा परत वर आली, माझा हात धरून मला घेऊन गेली. मी तिला काही सांगितलं नाही. कुणालाच नाही, ह्यांना नाही, मुलाला नाही. काय सांगणार, कपाळ?

संध्याकाळी फोन केला तर भावोजी रडत होते. दुपारी ताईने डोळे उघडले होते.

बोलायला तिला पुढे कित्येक महिने लागले. एका दुपारी भावोजी खंडेराव मार्केटला शाक आणायला गेलेले, मी तिचे केस विंचरत होते. ती हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली, ‘शपथ... सोड ना ग.’

‘कसली शपथ?’

डावा हात वर करून तिने छताकडे दाखवलं. ‘तिथली. तिथे... पाय दुखत नव्हते.’

मी तिची वेणी घालायला घेतली.

फिजिक्सवालीला विचाराल तर बाकी सगळ्याला काही ना काही उत्तर आहे. उंचीवर ऑक्सिजन कमी, भास होतात. कातडी औषधानेही सोलते. झटक्यातून माणसं शुद्धीवर येतात. पण ती शपथ मी मराठीत, परक्या डोंगरात, एकटी असताना घातली होती. ती हिला कोणी सांगितली? मला माहीत नाही.

आता ताई खुर्चीत बसते, डाव्या हाताने जेवते, आमटीत मीठ कमी पडलं तर भावोजींना फैलावर घेते. उजवा पाय मात्र लाकडाचा ओंडका, रात्र-रात्र ठणकतो. आणि आम्ही दोघीच असलो की ती मागते. रागाने नाही, पंखा लाव म्हणावं इतक्या साधेपणाने. ‘सुटली म्हण ना.’

एक शब्द आहे. त्याने काही होणार नाही, हे मी वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. पण माझ्या तोंडून तो निघत नाही. मला ती हवी आहे हो, जशी आहे तशी.

काल पण म्हणाली. मी म्हटलं, ‘आधी चहा पी.’ बशीत ओतून दिला. अर्ध्या तोंडाने हसली, आणि प्यायली.