आतोबांचा तिसरा वर्ग

सबंध मुलखात सायकलवर बसायला सर्वांत नालायक माणूस शोधायचा झाला असता, तर तो शोध आमच्या आतोबांपाशी संपला असता. आणि लोकांना सायकलवर बसवायचं व्रत नेमकं त्यांनीच घेतलं होतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बेळगावच्या दिवाणी कोर्टात कारकून. उन्हाळी सुटी लागली की शहापुरातल्या ओळखीपाळखीच्या घरांतून चार सायकली मागून आणत आणि निपाणीपासून दोन मैलांवरच्या आमच्या गावी, म्हणजे आपल्या सासुरवाडीला, मुक्काम ठोकत. त्यांना ओट्याशिवाय सायकलवर चढता येत नसे आणि भिंतीशिवाय उतरता येत नसे. त्यामुळे त्यांचा प्रवास एखाद्या ओट्यापासून एखाद्या भिंतीपर्यंत होई आणि मधल्या गावांना नुसता नमस्कार मिळे. एकदा भिंतीच्या आधी लग्नाचा मांडव लागला. मांडवाच्या कापडाखालून डोकं काढून त्यांनी वरमाईला अदबीनं सांगितलं, "जरा हवा खायला आलतो."

कोर्टातल्या माणसाला वर्गवारीवाचून चैन पडत नाही. चढता-उतरता येणारे ते पहिला वर्ग, थांबता न येणारे दुसरा, आणि काहीच न येणारे तिसरा. देवळासमोर ते सगळ्यांची परीक्षा घेत आणि स्वतःला बिनपरीक्षेचं पहिल्या वर्गात घालत. सहल दरसाल तीच, कोगनोळीच्या पुढं संस्थानची हद्द लागते तिथल्या दगडापर्यंत. नियमही एकच, तिसरा वर्ग सर्वांत पुढं. "पुढचा पडला तर मागच्याला दिसतो," ते म्हणत. "मागचा पडला तर कुणाला कळतंय?"

माझा उजवा पाय लहानपणीच्या तापानं लुळा पडलेला. गावातली चार इयत्तांची शाळा संपली होती. इंग्रजी शाळा निपाणीला, आणि दोन मैल चालणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मला तंबाखूच्या वखारीत बसवायचं ठरवलं होतं. आतोबांनी मला परीक्षेविनाच तिसऱ्या वर्गात घेतलं तेव्हा आप्पा म्हणाले, "दाजी, तुम्ही खुशाल पडा. पोराला कशाला पाडताय?"

"हद्दीपर्यंत जाऊन सायकलवरच परत आला तर?"

"तर घालतो शाळंत. पण गाडीत घालून आणलासा, तर वखार."

आतोबांनी माझा डावा पाय चामड्याच्या वादीनं सायकलच्या पायडलला बांधला, म्हणजे एकाच पायानं दाबताही येई आणि ओढताही येई. युक्ती फार हुशारीची होती. फक्त बांधलेल्या पायानं उतरायचं कसं, याचा विचार राहिला होता. "हद्दीवर मी झेलतो तुला," त्यांनी वचन दिलं. आणि नियमाप्रमाणे मला सगळ्यांच्या पुढं सोडून स्वतः सगळ्यांच्या मागं राहिले.

दगड आला, तेव्हा झेलणारे आतोबा दोन फर्लांग मागं होते. मी हद्द ओलांडून परमुलखात शिरलो. शेवटी नाक्यावरच्या शिपायानं धावत येऊन हँडल धरलं.

"कुठं निघालास रं एवढ्या घाईनं?"

"थांबाय येत न्हाय मला."

"मग आलास कसा?" असं म्हणून तो पोट धरून हसला. हसून झाल्यावर त्यानंच मला तोंड फिरवून पुन्हा बसवून दिलं. आतोबा तेवढ्यात नाक्याच्या भिंतीला येऊन टेकले होते. घामानं निथळत म्हणाले, "बघितलंस? नियम बरोबर होता."

परतीला वेशीत आप्पा उभे होते. माझ्यापुढं दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे झेलावं त्यांनाच लागलं. मला धरून ते बराच वेळ वादीची गाठ सोडत बसले. मग मागून येऊन वेशीला टेकलेल्या आतोबांना मान वर न करता म्हणाले, "दाजी, शाळा कवा उघडती?"

जूनमध्ये शाळा उघडली. आतोबांनी त्यासाठी एक दिवसाची रजा काढली आणि एक सायकल माझ्यासाठी कायमची मागून आणली. शाळेच्या फाटकात मला झेलायला तिथल्या शिपायाला सांगून ठेवलं आणि ओट्यावरून मला लोटून दिलं. मी निघालो.

आतोबा गेल्याला आता दोन महिने झाले. तेराव्याला सगळ्यांनी त्यांच्या पडण्याच्या गोष्टी सांगितल्या, लोक हसले, मीही हसलो. माझी गोष्ट मात्र मला सांगता आली नाही. त्या सकाळी मला मागं वळून बघायचं होतं. पण मान वळवली की तोल जाई. मला लोटून दिल्यावर ते ओट्यावर किती वेळ उभे होते, ते मला ठाऊक नाही. पुढं कधी विचारलंही नाही.