करीमभाईंना दिलेला सल्ला

नागभीडहून रुबिनाचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूर स्टेशनवर उभा होतो, तिच्या वडिलांना, करीमभाईंनाच भेटायला निघालेला. "काका, आता घाई नका करू... अब्बा सकाळीच गेले," एवढंच ती बोलली. गाडी आली आणि मी तरीही चढलो.

करीमभाई पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायचे. भजनी मंडळांची असो की कव्वालांची, बिघडलेली पेटी शेवटी वर्धा नदीकाठच्या त्यांच्या घरी यायची. लोकांनी टाकून दिलेल्या दहाबारा पेट्या त्यांनी गोळा करून बोलत्या केल्या होत्या. एकही विकली नाही. मी विम्याचा एजंट. जुनी दोस्ती, पण त्यांना पॉलिसी कधी विकली नव्हती.

एका उन्हाळ्यात त्यांनीच विषय काढला. "वामनभाऊ, नदी आजकाल पावसाळ्यात लय फुगून राह्यली. घराचा, सामानाचा विमा काढू का नाई? तुले काय वाटते?"

मी म्हणालो, तुमच्या गल्लीत आजवर पाणी आलेलं नाही. आलंच, तर कंपनी या पेट्यांना भंगाराचा भाव देईल. दरवर्षी हप्ता कशाला भरता?

"मंग जाऊ दे. तू म्हणतोस तर."

दोस्त म्हणून बोललो, असं तेव्हा वाटलं. खरं तर त्यात माझा आळसही होता. एकेका पेटीचे फोटो काढायचे, मोल ठरवायचं, साहेबाशी वाद घालायचा... कोण करणार? नुसत्या घराचा विमा वेगळा काढता येतो, हे मी बोललोच नाही.

पुढच्याच पावसाळ्यात भरदिवसा पाणी शिरलं. करीमभाई आणि भाभी कसेबसे शाळेत पोचले, पेट्या घरातच राहिल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही दार ढकललं. मागची भिंत बसली होती. लाकूड फुगलेलं, सगळीकडे चिखल. करीमभाईंनी एक पेटी उचलली तर तिच्या पट्ट्याच हातात आल्या.

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"पेट्यांचे पैसे घेऊन मी काय केलं असतं, भाऊ? पण भिंत उभी झाली असती ना... तर इथीच राह्यलो असतो."

आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. भिंत काही उभी राहिली नाही. ते लेकीकडे नागभीडला गेले. तिथे कशाची कमी नव्हती, फक्त पेटी घेऊन दारात येणारं कोणी नव्हतं. दोन वर्षांत माणूस वाळत गेला.

आता नदीकाठच्या घरी गेलो की आधी विचारतो, हे घर पडलं तर तुम्ही कुठे जाल? हप्त्याचं नंतर. करीमभाईंना हे विचारायला हवं होतं.

गेल्या रविवारी आमच्या बुद्धविहारात गेलो. पुराच्या आठवडाभर आधी त्यांनी नीट करून पोचवलेली गायन पार्टीची पेटी तिथे आहे. भात्यावरचं त्यांच्या हातचं चामड्याचं ठिगळ अजून घट्ट आहे. मला वाजवता येत नाही. भाता हलवला, एक पट्टी दाबली. सूर स्वच्छ निघाला... हवा संपेपर्यंत मी बोट उचललं नाही.