'येते' म्हणायची सवय

घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे आईनं मला पाठीत धपाटे घालून शिकवलं होतं. विनिपेगमध्ये पन्नास वर्षं काढली, बर्फ शोव्हल केला, मुलीशी इंग्रजीत भांडले, पण ही खोड काही गेली नाही. इंग्रजीतसुद्धा मी निघताना "ओके, आय विल कम" म्हणते. मुलगी कपाळावर हात मारून घेते. बाकीचे लोक क्षणभर बघतात आणि सोडून देतात. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी मात्र सोडून दिलं नाही.

नवरा गेल्यावर मी घर विकून कॉन्डोत आले, तेव्हा त्यांची माझी ओळख झाली. नव्वदीला टेकलेल्या, पोलंडहून आलेल्या ज्यू बाई, स्वभावानं खवट. पहिल्या दिवशी माझ्या फोडणीच्या वासाबद्दल तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी ती फोडणी कशाची होती ते विचारायला आल्या. माझंही तोंड काही कमी नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. रोज चार वाजता मी त्यांच्याकडे चहाला जायला लागले. उठताना मी "आय विल कम" म्हटलं की त्या लगेच विचारायच्या, "कधी?" मला गंमत वाटायची. मी म्हणायची, "उद्या."

एका जानेवारीत सकाळी मी त्यांना ब्रेड देऊन आले, नेहमीचं वाक्य टाकलं आणि त्यांच्या 'कधी?'साठी न थांबता मुलीकडे गेले. दुपारपासून बर्फाचं वादळ. मुलगी म्हणाली, "मॉम, डोन्ट इव्हन थिंक अबाउट ड्रायव्हिंग." दोन दिवस तिच्याकडेच राहिले. बाईंना फोन करावा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. का यावं? मी काही वचन दिलं नव्हतं, नुसता निरोप घेतला होता.

परत आले तर आमच्या इमारतीचा केअरटेकर लिफ्टपाशीच भेटला. म्हणाला, बाई दोन दिवस दाराच्या आत खुर्ची टाकून बसल्या आहेत, जेवत नाहीत, मुलाचंही ऐकत नाहीत, 'ती येते म्हणालीय' एवढंच म्हणतात. मी धावत गेले. अंगात कोट, मांडीवर पर्स, ओठ सुकलेले. आधी मी घाबरले आणि मग मला भयंकर राग आला.

"अहो, ती नुसती बोलायची पद्धत आहे!" मी ओरडलेच. "आमच्यात माणूस मेला की 'गेला' म्हणतात. म्हणून निघताना जाते म्हणत नाहीत. येते म्हणजे लगेच येते असं नसतं!"

त्या पाणी प्यायल्या आणि मग बोलल्या.

त्या सहा वर्षांच्या होत्या. गावातल्या ज्यूंना जर्मन सैनिक चौकात गोळा करत होते. आईनं त्यांना गावाबाहेरच्या एका शेतकरणीच्या गोठ्यात, गवताच्या माळ्यावर बसवलं आणि सांगितलं, मी आलेच. हे त्यांनी मला आधी आईच्या भाषेत, यिद्दिशमध्ये, म्हणून दाखवलं, मग इंग्रजीत. मला मात्र ते मराठीतच ऐकू आलं.

त्या माळ्यावर त्यांनी दोन हिवाळे काढले. खाली उतरवलं तेव्हा पायांना चालायची सवय राहिली नव्हती. अनाथ मुलांना कॅनडात नेणारी माणसं आली, तर बाई शेतकरणीचं कुंपण घट्ट धरून बसल्या. आई शोधत इथेच येणार ना? एकेक बोट सोडवून त्यांना न्यावं लागलं. विनिपेगला कपड्यांच्या कारखान्यात शिलाई केली, लग्न केलं, दोन मुलं वाढवली, घर घेतलं. "सगळं केलं," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक वेळी घर बदलताना मला रडू यायचं. आईला नवा पत्ता कोण देणार?" आईला त्याच दिवशी मारलं होतं, हे त्यांना तिशीत कळलं. कळून काही फरक पडला नाही.

"ती 'जाते' म्हणाली असती तर मी रडले असते," त्या म्हणाल्या. "खूप रडले असते. मग कधीतरी थांबले असते."

मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडून निघताना "आय ॲम गोइंग" म्हणायला लागले. पहिले काही दिवस घरी येऊन देवापुढे हात जोडायची आणि मनातल्या मनात 'येते' म्हणून घ्यायची. हसा खुशाल. बाई मात्र खूश असायच्या. "गुड," म्हणायच्या, "आता जा." अशी दोन वर्षं गेली.

या मार्चमध्ये त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. इंग्रजी पार विसरल्या होत्या, उरलं होतं ते यिद्दिश. धाकटा मुलगा उशाशी बसलेला. तासभर बसून मी उठले, कोट चढवला आणि नीट, स्पष्ट म्हणाले, "आय ॲम गोइंग." त्यांनी माझी बाही पकडली. बारीक, लहान मुलीच्या आवाजात काहीतरी विचारलं.

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला तुम्ही तिची आई वाटताय. परत येणार का, विचारतेय. प्लीज, हो म्हणा."

काय म्हणायला हवं ते मला पक्कं माहीत होतं. बाईंनीच शिकवलं होतं. पण तो चेहरा बघून माझा धीर सुटला. "आलेच हं," मी म्हणाले, मराठीतच. मुलानं अंदाजानं ते त्यांना यिद्दिशमध्ये सांगितलं. त्यांनी बाही सोडली.

संध्याकाळी त्याचा फोन आला, आई गेली म्हणून. त्यानं माझे मनापासून आभार मानले. तुम्ही गेल्यापासून ती किती शांत होती, म्हणाला. झोपेचं औषध घेईना, डोळे मिटेना, नर्सला सारखी सांगत होती की मला आत्ता झोपवू नका, आई येतेय. मला बरं वाटावं म्हणून तो हे सगळं सांगत होता.