डोळे मिटून ऐकलेला अल्बम

"काय खोल आहे यार!" निखिल डोळे मिटूनच म्हणाला. त्या दिवशी दोन नवे अल्बम आले होते, एक सायकेडेलिक, म्हणजे तंद्री लावणाऱ्या रॉकचा, दुसरा विनोदी गाण्यांच्या बँडचा. पहिला ऐकायला आम्ही निखिलच्या खोलीत जमलो होतो. लांबत जाणाऱ्या गिटारवर सगळे डोलत होते. गायक मात्र फ्रिजमधल्या शिळ्या पिझ्झाची माफी मागत होता. मला संशय आला. मग स्वतःचाच संशय आला, की मलाच कळत नसेल तर? या घोळक्यात मी नवीन होते. चुकीच्या जागी हसले, तर पुन्हा कोण बोलावणार? माणसं गाणं ऐकतात की शेजारच्याचा चेहरा? पण इथे तर सगळ्यांचेच डोळे मिटलेले. शेवटी हळूच म्हणाले, "निखिल, तू विनोदी अल्बम लावलायस."