दार लावून सांगितलेलं

पोलिसात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बत्तीस वर्षं झाली की पोतंभर होतात. लग्नाकार्यात जेवणं उरकली की कोणीतरी म्हणतंच, "मावशी, एखादा पोलिसातला सांगा ना." मग मी सांगते. लोक हसतात. मी पण हसते.

पण मी ज्या टेबलावर बसायचे, तिथले सगळे किस्से सांगण्यासारखे नाहीत. नव्वदच्या सुमारास मी नाशकात भरती झाले, तेव्हा ठाण्यात बाईमाणूस मी एकटी. साहेब म्हणाले, "मिसिंगचं काम तुम्हीच बघा. लोक तुमच्याशी मोकळं बोलतील." म्हणजे कोणी हरवलं की त्याची तक्रार लिहायची, वर्णन लिहायचं, शोध घ्यायचा. साहेबांचं खरंच होतं. लोक माझ्याशी मोकळं बोलले. आता बोलते ते त्यानंतर काय झालं त्याबद्दल. नावं बदलली आहेत. तेव्हाच ही काळजी घेतली असती तर बरं झालं असतं.

*

हा पहिला मी लग्नात नेहमी सांगते. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ सायकलच्या पार्टचं दुकान असलेले एक गृहस्थ घरात भांडून निघून गेले. बायको तक्रार द्यायला आली. उंची, रंग, कपडे सगळं सांगून झालं, तरी ती उठेना. मग म्हणाली, "मॅडम, दार लावता का जरा?"

मी दार लावलं. ती हळूच म्हणाली, "ओळख पटावी म्हणून सांगते. त्यांच्या डोक्यावर टोप आहे. मुलांनासुद्धा माहीत नाही."

मी लिहून घेतलं. कागद वर गेला, तिथून पेपरवाल्यांकडे गेला. दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापून आलं, 'डोक्यावर कृत्रिम केसांचा टोप'.

ते गृहस्थ त्र्यंबकला धर्मशाळेत होते. तिथे चहाच्या टपरीवर त्यांनी पेपर वाचला आणि थेट ठाण्यात आले. डोकं तुळतुळीत. खिशातून टोप काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा आता सरकारजमा करून घ्या."

सगळं ठाणं खो खो हसलं. लग्नातही इथेच हशा येतो आणि मी थांबते. पुढचं सांगत नाही. त्यांच्या मागोमाग त्यांची बायको आत आली होती. ती हसली नाही. मला एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला दार लावायला सांगितलं होतं."

*

दुसरा सिडकोतला. तिथल्या एका चाळीतला माणूस ओझरकडे एका छोट्या कारखान्यात कामाला होता. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी परत. एक दिवस परत आलाच नाही. भामरे हवालदार आणि मी कारखान्यात चौकशीला गेलो. तिथला बाबू म्हणाला, "तो? त्याला काढून आठ महिने झाले."

भामरे मनाने वाईट नव्हते. पण आवाज असा, की कुजबुजले तरी मैदान ऐकेल. आम्ही चाळीत पोचलो तेव्हा बायका नळावर होत्या. भामरे दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमचा नवरा तुम्हाला फसवत होता. आठ महिने नोकरीच नाही त्याला."

नळावरच्या बायका थांबल्या. वहिनींना आत घेऊन बोला, असं मी भामरेंना म्हणू शकले असते. मी वहीत काहीतरी लिहीत होते.

ती बाई पिठाचे हात तसेच घेऊन उभी होती. म्हणाली, "मला माहीत होतं, साहेब. दुसऱ्या महिन्यातच कळलं. शर्टाला तेलाचा वास येईना."

"मग बोलला नाहीत?"

"मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं. तेवढ्यावर घर चाललं होतं." मग तिने चाळीकडे एकदा बघितलं. "आता ते घरी कसे येतील?"

आठवड्याने तो सिन्नरला भावाकडे सापडला. चाळीत काही तो परतला नाही. तिनेच खोली रिकामी केली. सामानाचा टेम्पो भरताना चाळीतलं एकही माणूस हात लावायला पुढे आलं नाही, असं नंतर कोणीतरी सांगितलं.

*

तिसऱ्यात दोष साहेबांचा, असं मी बरीच वर्षं म्हणायचे. चौथीच्या वर्गावरच्या एक बाई सासरी न सांगता निघून गेल्या होत्या. त्यांचं कपाट मी उघडलं. साड्यांखाली डॉक्टरची चिठ्ठी होती, मानसोपचारवाल्याची. ती मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नुसती ठेवली नाही, वर म्हणाले, "सर, बघा काय मिळालं." शाबासकी हवी होती मला.

संध्याकाळी वार्ताहर आला. साहेबांनी त्याला चहा दिला आणि चिठ्ठी पण दाखवली. सकाळी मथळा, 'मनोरुग्ण शिक्षिका बेपत्ता'.

बाई सटाण्याला बहिणीकडे गेल्या होत्या. बातमी वाचून दोघी ठाण्यात आल्या. बहिणीने पेपर टेबलावर आपटला. "मनी बहीन येडी शे का? सांगा ना."

बाई शांत होत्या. "झोप येत नव्हती म्हणून गोळ्या चालू होत्या," एवढंच त्या म्हणाल्या.

महिन्याने त्या एकट्याच आल्या. पालकांनी शाळेत अर्ज दिला होता, बाईंकडे आमची मुलं नकोत. बाईंनी साहेबांना विचारलं, "मी वेडी नाही, असं तुमच्याकडून लिहून मिळेल का?"

साहेब म्हणाले, "असा दाखला आमच्याकडे नसतो."

वेडी आहे असं सांगताना दाखला लागला नव्हता. हे मला तिथे सुचलं नाही, घरी भाजी निवडताना सुचलं. आणि सुचलं असतं तरी मी बोलले नसते.

*

चौथ्यात साहेब नाहीत, भामरे नाहीत. मीच आहे.

विंचूरचे एक कांद्याचे आडते चार दिवस बेपत्ता होते. शोधायला गेलो तर ते दुसऱ्या घरी. दुसरं घर म्हणजे दुसरी बाई आणि तिची दोन मुलं. पहिल्या घरी कोणालाच पत्ता नव्हता. ते माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मोठ्या मुलीचं लग्न ठरतंय. तेवढं होऊ द्या, मी स्वतः घरी सांगतो." मी कागदोपत्री 'कामानिमित्त बाहेरगावी' असं लिहिलं आणि आपण केवढे समजूतदार म्हणून खूश झाले.

त्या रविवारी माझी नणंद आली होती. शेंगा सोलता सोलता मी तिला गंमत म्हणून सांगितलं. ती तिकडचीच, निफाडकडची.

पंधरा दिवसांनी तिचा फोन. "अगं, तू सांगितलेली गोष्ट मला इथे परत ऐकायला मिळाली, वर मसाला लावून. मुलीचं लग्न मोडलं म्हणे."

मी म्हटलं, "मी तर नाव घेतलं नव्हतं."

खरंच घेतलं नव्हतं. विंचूर, कांद्याचा आडत्या, एका पायाने लंगडतो, मुलगी लग्नाची. एवढंच सांगितलं होतं.

*

आता शेवटचा. हा मी कधी कोणाला सांगितलेला नाही.

मखमलाबादला फुलशेती करणारे एक आबा होते. झेंडू, शेवंती, गुलाब. त्यांची मुलगी सुमन शहरात दिलेली. ती घरातून निघून गेली म्हणून नवऱ्याने तक्रार दिली. तीन महिन्यांनी ती मनमाडला सापडली. एका शिवणक्लासमध्ये कामाला होती, तिथेच मागच्या खोलीत राहायची. जबाब घ्यायला मी गेले. तिने आधी बाही वर करून दंडावरचे डाग दाखवले. मग म्हणाली, "मी माझ्या मर्जीने आलेय असं लिहा. पत्ता कोणाला सांगू नका. आबांनासुद्धा नको. आबांना कळलं की ते येतील, आणि ते आले की मागून तो येईल."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

आबा दर सोमवारी फुलं विकून ठाण्यात यायचे. बाहेरच्या बाकावर बसायचे. "काही कळलं का, ताई?"

"बरी आहे, आबा. सुखरूप आहे. कुठे ते विचारू नका."

ते मान हलवून जायचे. असे सहा-सात महिने गेले. मग एका सोमवारी ते म्हणाले, "तिच्या आईनं अंथरूण धरलंय. एकदा पोरीला बघून येतो, आईला सांगतो कशी हाय ती. कोणाला बोलत नाय." डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर कदाचित मी सावध झाले असते. मी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

आबा खरंच कोणाला बोलले नाहीत. पण कधी नाशकापलीकडे न गेलेला माणूस धुतलेलं धोतर नेसून मनमाडच्या एसटीत बसला, हे जावयाच्या कानावर गेलं. चौथ्या दिवशी तो त्या शिवणक्लासच्या दारात उभा होता. सुमन मागच्या दाराने निघाली ती नेसत्या साडीनिशी. तिथून कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. शिवणक्लासच्या बाईंनाही नाही.

आबा परत माझ्यासमोर आले, तक्रार लिहायला. त्याच मुलीची, दुसऱ्यांदा. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, वर्णन पहिल्या कागदावरून उतरवलं. पुढचा रकाना होता, बेपत्ता होण्याचं कारण. माझा हात थांबला.

आबांना वाचता येत नव्हतं, पण मी कुठे अडले ते त्यांना कळलं. म्हणाले, "तुमचं नाव नका लिहू, ताई. तुम्ही माझ्यासाठीच केलं."

मी 'अज्ञात' लिहिलं.

मग पुन्हा सोमवार सुरू झाले. सुमनची आई गेली. मी मधे दोन वर्षं दुसऱ्या ठाण्यात होते, परत आले तरी आबा बाकावर होतेच. चालताना गुडघ्यांवर हात ठेवायला लागले होते. मला ते कधी काही बोलले नाहीत. विचारायचे, मी नाही म्हणायचे, ते जायचे.

एक दिवस दुपारी ठाण्यातला फोन वाजला. बाईचा आवाज. "मिसिंगचं काम बघणाऱ्या मॅडम आहेत का?"

"मीच बोलतेय."

मग पलीकडून, "मनमाडला आलेल्या तुम्हीच ना?"

"हो."

मला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, कितीतरी वर्षं तयार होतं. तिने तेवढा वेळ दिला नाही. "आबा कसे आहेत?"

"बरे आहेत. गुडघे दुखतात. दर सोमवारी इथे येतात."

"आणि आई?"

मी सांगितलं. मागे कुठेतरी शाळा सुटल्यासारखा मुलांचा गलका येत होता. मग ती म्हणाली, "फोन आला होता म्हणून आबांना सांगू नका. या वेळी खरंच."

"नाही सांगणार," मी म्हटलं. तिने फोन ठेवला.

सोमवारी आबा आले. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आतूनच बघत होते. शेवटी बाहेर गेले.

"काही कळलं का, ताई?"

"नाही, आबा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे बघून 'नाही' म्हणणारी मी या वेळी बाकाकडे बघत होते. मग त्यांनी टोपी घातली, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बरं झालं."

पुढच्या सोमवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.