दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर

रविवारच्या जुन्या गाड्यांच्या हौशी शर्यतीसाठी आमच्या फियाटला दोनपैकी कोणतं इंजिन बसवायचं, हे आज ठरायचं होतं. मी इंजिनिअर, माझा कौल जास्त ताकदीच्या इंजिनाला. माझे वडील, अप्पा, मिस्त्री; स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकणारे. आज मात्र त्यांनी ती लाकडी मूठ दातांत धरली, टोक माझ्या पसंतीच्या, चालू इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले.

गॅरेजभर ती घरघर धुक्यासारखी पसरली होती. मला कॉलेजचे दिवस आठवले. माझ्या एकाही विषयाचं नाव अप्पांना सांगता येत नसे, पण पेपर कसा गेला हे मी चपला काढायच्या आत त्यांना कळे.

"हे पोकळ बोलतंय. शेवटच्या फेरीत रडवेल तुला. दुसरं बसव."

"पण अप्पा, ताकद..."

"आधी ऐक, मग शिकव," माझ्या ओठांकडे बघत ते म्हणाले.

मी मूठ दातांत धरली. हाडांतून एक संथ गुणगुण डोक्यात शिरली आणि तिच्या तळाशी बारीकशी ठकठक. तेवढ्यात जिभेला मुठीवरचे दातांचे वण लागले. जुने, खोल. अप्पांचे कान कधी गेले, हे मला घरात राहून कळलं नव्हतं.

मी दुसरं इंजिन बसवायला घेतलं.